तिसरा पेला हवाच!

काय दोस्तांनो, एक कोडं घालू? एका पेल्यात दूध आहे, दुसऱ्यात सरबत. दूध सरबताच्या पेल्यात न्यायचं आणि सरबत दुधाच्या पेल्यात. पण दोन्ही मिसळता कामा नयेत हं! कसं कराल? बरोब्बर! एक तिसरा, रिकामा पेला घ्यायचा. आज आपण संगणकावरच्या लिखाणाची साफसफाई करणार आहोत, आणि तिथेही हाच तिसरा पेला कामाला येणार आहे.

समजा, शाळेच्या वार्षिक अंकाचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. कुणी लेख ई-मेलने पाठवला, कुणी बाबांच्या फोनवरून. तुम्ही सगळे लेख एकाच फाइलमध्ये चिकटवलेत आणि बघता तर काय! दोन शब्दांमध्ये चार-चार मोकळ्या जागा, ओळी अर्ध्यावर तुटलेल्या. एकेक चूक हाताने काढत बसलात तर अख्खा रविवार जाईल. म्हणून ही युक्ती.

सगळ्यात आधी फाइलची दुसरी प्रत करा. 'सेव्ह ॲज' म्हणा आणि नव्या प्रतीवरच काम करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही!

मग कचरा कुठे आहे ते बघा. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ ही बटणं एकदम दाबा. प्रत्येक मोकळ्या जागेवर एक ठिपका दिसेल आणि जिथे जिथे एंटर मारलंय तिथे इंग्रजी 'पी' उलटा लिहिल्यासारखी खूण दिसेल. घाबरू नका, या खुणा कागदावर छापल्या जात नाहीत.

आता तुटक्या ओळी जोडू. टाइपरायटरवर प्रत्येक ओळ संपली की हाताने पुढच्या ओळीवर जावं लागे. संगणक ओळ आपोआप मोडतो. त्याच्या लेखी एंटर म्हणजे 'परिच्छेद संपला'. पण चिकटवलेल्या मजकुरात पुष्कळदा प्रत्येक ओळीअखेर एक एंटर असतं आणि परिच्छेद खरोखर संपतो तिथे दोन. सगळी एंटरं पुसली तर सगळे परिच्छेद एकमेकांत मिसळतील. दूध आणि सरबत! मग काय करायचं?

कंट्रोल आणि एच दाबा. दोन चौकटी येतील. वरच्या चौकटीत काय शोधायचं ते लिहायचं, खालच्या चौकटीत त्याजागी काय घालायचं ते. वर्डमध्ये एंटरसाठी टोपीची खूण ^ आणि तिला लागून इंग्रजी लहान 'पी' असं लिहितात. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये खूण वेगळी असू शकते.

१) दोन एंटर शोधा, त्याजागी ### घाला. हा आपला तिसरा पेला! ही खूण लेखात आधीपासून कुठे नाही ना, तेवढं बघून घ्या.
२) एक एंटर शोधा, त्याजागी एक मोकळी जागा घाला. तुटक्या ओळी जोडल्या गेल्या.
३) ### शोधा, त्याजागी एक एंटर घाला. परिच्छेद परत जागेवर!

राहिल्या जादा मोकळ्या जागा. वरच्या चौकटीत दोन मोकळ्या जागा, खालच्या चौकटीत एक, आणि 'रिप्लेस ऑल'. एकदा करून भागत नाही बरं का! ८ जागा असतील तर पहिल्या फेरीत ४ उरतात, मग २, मग १. म्हणजे तीन फेऱ्या. बदल शून्य झाले असं संगणक सांगेपर्यंत करत राहा.

पण थांबा! संगणक सांगितलेलं करतो, अर्थ त्याला कळत नाही. वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीची पहिलीवहिली कविता त्या अंकात आहे. तिने प्रत्येक ओळ मुद्दाम तोडलीय. वरची युक्ती तिथे चालवलीत, की कवितेचा निबंध झाला! अंक छापून हातात आल्यावर तिला काय वाटेल? म्हणून कविता आणि नाटुकली आधी वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा.

नावांचंही तसंच. नाटुकल्यात 'राम'चा 'शाम' करायचाय म्हणून 'रिप्लेस ऑल' दाबलंत, तर तुकारामाचा तुकाशाम होईल, रामफळाचं शामफळ आणि 'आराम कर'चं 'आशाम कर'! 'फक्त पूर्ण शब्द शोध' असं सांगितलं तर 'रामने', 'रामला' सुटून जातील, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून बसतात. तेव्हा नावं बदलताना 'फाइंड नेक्स्ट' म्हणत एकेक जागा बघा आणि मगच बदला. दोन मिनिटं जास्त लागतील, पण तुकाराम वाचेल! आणि चुकून गडबड झालीच, तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबा. केलेलं मागे घेता येतं.

'कट' आणि 'पेस्ट' ही नावं कुठून आली, ठाऊक आहे? पूर्वी संपादक मंडळी खरोखरच कात्रीने कागद कापून दुसरीकडे डिंकाने चिकटवायची. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी हेच काम पडद्यावर सोपं करून दाखवलं. कात्री गेली, पण कापण्याआधी नीट बघायची सवय मात्र अजूनही हवी.

आता गृहपाठ. नाटुकल्यात राम आणि शाम यांच्या नावांची अदलाबदल करायची आहे. आधी सगळ्या रामांचे शाम केलेत, तर पुढे काय घोटाळा होईल? आणि तिसरा पेला कुठे ठेवाल? आधी कागदावर सोडवा, मग संगणकावर करून बघा. आई-बाबांनाही हे कोडं घाला. त्यांच्या ऑफिसच्या फायलींतही अशा मोकळ्या जागा काही कमी नसतात!