आधी विलो, मग कुऱ्हाड
अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटात कोलोरॅडो नदी आणि तिच्या उपनद्यांचे काठ झाऊने गिळले आहेत. शोभेसाठी, धूप रोखण्यासाठी परदेशातून आणलेले हे झाड. त्याचा बंदोबस्त करायला २००१ मध्ये आशियातून आणलेला पानखाऊ भुंगेरा मोकळा सोडला गेला. त्याने काम चोख केले. पंचाईत अशी, की जेमतेम १२ ग्रॅमचा, १९९५ पासून संकटग्रस्तांच्या यादीत असलेला नैर्ऋत्येकडचा विलो फ्लायकॅचर पक्षी एव्हाना याच झाऊत संसार थाटून बसला होता. नावात विलो आहे, पण ते झाड काठावर उरलंय कुठे? व्हर्जिन नदीकाठी ऐन विणीच्या हंगामात भुंगेऱ्यांमुळे झाऊची पाने करपली आणि घरट्यातली अंडी रखरखत्या उन्हात उघडी पडली. २०१० मध्ये कृषी खात्याने भुंगेरे सोडणे थांबवले. भुंगेरे थोडेच थांबतात! झाऊ माजला त्याला धरणांचाही हातभार आहे. वसंतातला पूर ओसरताना मागे राहणाऱ्या ओल्या गाळात विलो, कॉटनवुडचे बी रुजते. तो पूरच अडवला गेला. तेव्हा आधी पाणी सोडा, विलो लावा, त्याला घरटे पेलण्याइतके वाढू द्या. झाऊवर कुऱ्हाड त्यानंतर, तीही टप्प्याटप्प्याने.