कमी दराची वर्गखोली आम्हाला नको!

पालकांनो, शिक्षकांनो, सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांनो,

ऑगस्ट 2017 मध्ये नगर तालुक्यातल्या निंबोडी गावात जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. जुलै 2025 मध्ये राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीची सरकारी शाळा कोसळली, सात मुलं गेली. अशा प्रत्येक घटनेनंतर धोकादायक खोल्यांच्या याद्या होतात आणि नव्या खोल्या मंजूर होतात. त्या नव्या खोल्या बांधायच्या कोणत्या रीतीनं, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही ते विचारतो आहोत.

आजची रीत गावोगावी माहीत आहे. ठरावीक नकाशा, दरसूचीवरून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, आणि ज्याचा दर सगळ्यांत खाली त्याला वर्कऑर्डर. दर फारच बिलो असला तर ठेकेदाराकडून जादा अनामत भरून घेतात. म्हणजे एवढ्या पैशांत काम नीट होईल का, ही शंका खात्यालाही असते, आणि तरी काम त्यालाच मिळतं! मग कमी भरलेले पैसे निघतात कुठून? सिमेंटच्या पोत्यांतून, क्युरिंगच्या पाण्यातून, कॉलमच्या रिंगांमधल्या अंतरातून. सहा इंचांवर बांधायची रिंग नऊ इंचांवर गेली, तर काँक्रीट पडल्यावर ती कोणाला दिसणार?

त्यात चालू शाळेला खोली जोडणं हे मोकळ्या माळावर बांधण्यापेक्षा कितीतरी अवघड. जुनी भिंत दगड-मातीची, तिचा पाया किती खोल हे कागदावर कुठेच नसतं. काळी माती असेल तर कठीण थर किती फुटांवर लागेल, हेही खोदल्याशिवाय कळत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत हेच झालं. अंदाजपत्रकात धरलेल्या खोलीवर मुरूम लागला नाही. ठेकेदारानं जादा खोदाईचे पैसे मागितले, इंजिनिअरनं सुधारित मान्यतेसाठी फाइल वर पाठवली, आणि फाइल फिरत असतानाच पाऊस आला. जुन्या भिंतीला लागून खणलेला खड्डा पाण्यानं भरला. त्या भिंतीच्या आत पोरं बसत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी दोन वर्ग व्हरांड्यात हलवले. खोली पुढं झाली, पण जुन्या-नव्या स्लॅबच्या सांध्यातून ती पहिल्याच पावसाळ्यात गळली. ठेकेदार म्हणाला, नकाशात सांधा दाखवलाच नव्हता. इंजिनिअर म्हणाले, बांधणाऱ्यानं विचारायला हवं होतं. दोघंही कागदावर बरोबर होते.

ही भांडणं माणसांच्या स्वभावातून येत नाहीत, करारातून येतात. ब्रिटनमध्ये सर मायकेल लॅथम यांच्या 1994 च्या अहवालानं बांधकाम व्यवसायाला हेच सुनावलं होतं. त्याच सुमारास तिथं एनईसी आणि पुढं 2000 साली पीपीसी 2000 हे सहयोगी करारांचे नमुने आले. त्यांचं सार साधं आहे. बांधणाऱ्याला नकाशा पक्का व्हायच्या आधीच बोलवा. त्याची निवड कामाचा दर्जा, माणसं आणि नफ्याची ठरलेली टक्केवारी पाहून करा. मग इंजिनिअर, ठेकेदार आणि शाळा एकत्र बसून चाचणीचे खड्डे घेतील, जुना पाया उघडून बघतील आणि त्यानंतरच किंमत ठरेल. हिशेब सगळ्यांसमोर उघडा राहील. अडचण दिसताच ती लेखी सांगणं प्रत्येकावर बंधनकारक असेल. बचत झाली तर ती वाटून घ्यायची, आणि खर्च वाढला तर काम देणाऱ्यानं आणि ठेकेदारानं तो ठरल्या प्रमाणात सोसायचा.

काहीजण म्हणतील, हे तर साटंलोटं करायला मोकळं रान! आमचं म्हणणं, साटंलोटं आजच मोजमाप पुस्तिकेत दडलेलं आहे, कारण ती गावाला कोणी दाखवत नाही. तरीही इशारा खरा आहे. एडिंबरामध्ये जानेवारी 2016 च्या वादळात ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची सुमारे नऊ टनांची भिंत कोसळली. भिंतीचे दोन पदर जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या पुरेशा आत बसवलेल्याच नव्हत्या. पुढं तिथल्या 17 शाळा बंद ठेवाव्या लागल्या. सरकारी-खासगी भागीदारीतूनच त्या उभ्या राहिल्या होत्या, पण काम चालू असताना ते जागेवर तपासणारा स्वतंत्र माणूस नव्हता. म्हणून एकत्र बसण्याइतकाच आमचा आग्रह स्वतंत्र तपासणीचा आहे. रिंगा बांधून झाल्या की फोटो, आणि तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय काँक्रीट नाही.

नियम आड येतात, हे कारण आता चालणार नाही. केंद्राच्या वित्त मंत्रालयानं 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांमध्ये बांधकामांसाठीही दर्जाला 30 टक्क्यांपर्यंत गुण देण्याची वाट मोकळी केली आहे. मुलांच्या डोक्यावरच्या छतासाठी तीच वाट राज्यानं आणि जिल्हा परिषदेनं धरावी, ही आमची मागणी आहे.

आणि आपल्याकडे हत्यार आधीपासून आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नं शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. कलम 22 प्रमाणे याच समितीनं शाळा विकास आराखडा करायचा, आणि सरकारी अनुदानाचा आधार तोच आराखडा. पण बहुतेक ठिकाणी आराखडा मुख्याध्यापकांच्या टेबलावर लिहिला जातो आणि समितीच्या सह्या नंतर गोळा होतात. खोली कुठं जोडायची, काम मे महिन्यात कुठवर न्यायचं, जूनमध्ये वर्ग कुठं भरवायचे, सळया-खडी कुठं पडेल आणि पोरं कुठून जातील, हे ठरवणाऱ्या बैठकीत आयांची खुर्ची हवी.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा: आमच्या शाळेच्या वाढीव खोलीचं काम निव्वळ कमी दरावर देऊ नये, किंमत ठरण्याआधी जुना पाया आणि माती तपासावी, शाळा व्यवस्थापन समितीला करारात जागा द्यावी, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि प्रत्येक बिल शाळेच्या फलकावर लावावं. ठराव इतिवृत्तात उतरल्याशिवाय उठू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि ती जिल्हा परिषदेच्या शिक्षण व बांधकाम या दोन्ही विभागांत देऊन पोच घ्या.

जिल्हा परिषद शाळांतील मुलांचे पालक