मान टाकली की ओत पाणी! ही सवय आता सोडा



आज वावरातलं नाही, अंगणातलं लिहितो. पण गोष्ट शेवटी वावरातच येते, म्हणून पूर्ण वाचा.

दिवाळी झाल्यावर आईनं हौसेनं ग्लॅडिओलसचे 40 कंद अंगणात लावले. हिवऱ्यात विवेकानंद जन्मोत्सवाला पाहुणे येतात, तेव्हा दारात फुलं असावी एवढाच हिशोब. दांडे निघाले, रंग दिसला आणि आठवडाभरात 11 झाडांनी मान टाकली.

शेजारी म्हणाले, पाणी कमी पडलं. आम्ही दोन वेळ पाणी सुरू केलं. दुकानात विचारलं तर एक टॉनिक, एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक असे 640 रुपये गेले. झाड कोणी पाहिलंच नाही. पुढच्या आठ दिवसांत गेलेल्या झाडांचा आकडा 23 झाला.

मग एक झाड ओढलं तर अलगद हातात आलं. कंदाचं बूड तपकिरी, चाकूनं कापलं तर गाभा काळपट. ही मर. फ्युजेरियम बुरशीची.

लाज कशाची वाटली सांगू? हरभऱ्यात मर दिसली तर मी झाड उपटतो, मूळ उभं चिरतो, आतली काळी रेघ पाहतो. तिथं कोणी पाणी वाढव म्हटलं तर मी त्यालाच येड्यात काढीन. आणि अंगणात मात्र मीच नळी धरून उभा! हरभऱ्याची बुरशी ग्लॅडिओलसला लागत नाही, पण दोघी एकाच घरातल्या. दोघींची कामाची रीत तीच. मुळाकडची वाट सडते, वर पाणी चढत नाही, म्हणून झाड तहानलेलं दिसतं. खाली माती ओली असते. आपल्या काळ्या जमिनीत पाणी आधीच धरून राहते. त्यात आणखी ओतलं म्हणजे सडायला हातभार.

म्हणून माझं भांडण पाण्याशी नाही, न पाहता ओतण्याशी आहे. आधी हे पाहा:

1) खालची फुलं सुकतात, वरच्या कळ्या उमलतात? हा रोग नाही. हे फूल खालून वर उमलते. सुकलेलं फूल खुडा, बस.

2) बोटभर खोल माती कोरडी आहे? मग खरंच तहान आहे. पाणी द्या.

3) पानावर चंदेरी रेघा, पाकळ्यांवर पांढुरके डाग, कळी न उघडताच वाळते? पांढऱ्या कागदावर फूल झटका. बारीक किडे पळाले तर फुलकिडे. इथं कीटकनाशकाचं काम आहे.

4) माती ओली, जुनी पानं शेंड्याकडून पिवळी, झाड सहज उपटते? कंद कापून पाहा. तपकिरी असेल तर ते झाड वाचत नाही. कोणी बाटली दाखवली तरी वाचत नाही. भोवतालच्या मातीसकट काढून जाळा, उकिरड्यावर टाकू नका. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते.

कोणी म्हणेल, चार फुलांसाठी एवढा कुटाणा कशाला? कारण ती चार फुलं चारच राहत नाहीत. जुन्या कंदावर नवा कंद धरतो, भोवती बारीक कंद सुटतात, आणि ते आपण मायेनं मावशीला, बहिणीला वाटतो. रोगट कंद वाटला म्हणजे तिच्या अंगणात मर पोचवली.

औषधाचं म्हणाल तर त्याची वेळ लावणीआधी. कंद टणक, डाग नसलेला निवडा. कार्बेन्डाझिम 2 ग्रॅम एक लिटर पाण्यात, अर्धा तास बुडवा, सावलीत सुकवा, मग लावा. नाहीतर ट्रायकोडर्मा वापरा. दोन्ही एकाच वेळी नको. कार्बेन्डाझिम बुरशी मारते आणि ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे. दोन्ही एकत्र म्हणजे स्वतःच आणलेला राखणदार स्वतःच मारणं. लावणी वरंब्यावर करा, दरवर्षी जागा बदला. कच्चं शेणखत आणि युरियाचा मारा टाळा, त्यानं सड वाढते.

दुकानदाराला मी एकट्याला दोष देत नाही. आपण रिकाम्या हातानं जातो आणि "झाड सुकतंय, काहीतरी द्या" म्हणतो. मग तो काहीतरीच देतो. तूर असो, सोयाबीन असो, हेच चालू आहे. पुढच्या वेळी उपटलेलं झाड पिशवीत घेऊन जा आणि काउंटरवर ठेवा. मग बोला.

आईच्या 40 पैकी 17 झाडं उरली. पाणी तोडलं, मोकळी चर काढली. 14 फुलली. पाहुण्यांना तेवढी पुरली. ज्या 23 गेल्या, त्यातल्या निदान 12 माझ्या नळीच्या धारेखाली गेल्या, हे आईला अजून सांगितलं नाही.

विळा लागत नाही, पैसा लागत नाही. एक झाड उपटा, पाहा, मगच हात उचला.