शिकवण्याचे दाम कारागिरालाच मिळावे

राजगुरुनगरहून पूर्वेला शिरूरकडे निघाले की वीस-पंचवीस किलोमीटरवर पाबळ लागते. पर्जन्यछायेतला हा कोरडा पट्टा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुद्दाम असेच गाव निवडले आणि १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतली डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतले काम, मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी, हे सगळे मागे ठेवून ते आणि त्यांच्या पत्नी मीराताई पाबळला राहायला आले. शाळा अर्धवट सुटलेली मुले त्यांच्याकडे येऊ लागली. वर्षभर तिथेच राहून वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, विजेची कामे, शेती, कुक्कुटपालन शिकू लागली.

पाबळमधून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट आहे ती शिकवण्याच्या हिशेबाची. वेल्डिंग शिकणारा मुलगा सरावाच्या तुकड्यांवर थांबत नाही. कोणा शेतकऱ्याला हवे असलेले फाटक किंवा टाकी ठेवायची घडवंची तो बनवतो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे मोजते. काम खरे, म्हणून चूकही खरी आणि ती दुरुस्त करणेही खरे. हाच विचार पुढे माध्यमिक शाळांत गेला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात आणि त्यांना शिकवायला गावातलाच कुशल माणूस येतो. त्याचा स्वतःचा धंदा चालू असतो, शिकवणे ही त्या धंद्याचीच एक बाजू होते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवायची कार्यशाळा, २००२ मध्ये याच पाबळला उभी राहिली, हे इथल्या हाताच्या कामाची पत सांगायला पुरेसे आहे. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे.

घडवणे आणि शिकवणे एकाच माणसाने करावे, आणि दोन्हींचे पैसे त्यालाच मिळावेत, हा धडा राजगुरुनगरच्या शेजारी चार दशके उभा आहे. खेड-चाकण पट्ट्यातल्या हस्तकारागिरांना आज त्याचीच गरज आहे.

या पट्ट्याचे रूप गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलले. बजाज, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन यांचे कारखाने आले, त्यांच्यामागे सुट्या भागांचे शेकडो छोटे कारखाने आले, आणि त्यांच्यामागे देशभरातून माणसे आली. चाकण, मोशी, चिखली, भोसरीत सोसायट्या उभ्या राहिल्या. चाकणच्या कांदा बाजारात एकेकाळी बुरडाच्या पाट्या-टोपल्या लागत, तिथे प्लास्टिकचे क्रेट आले. माठाच्या जागी फ्रीज, घोंगडीच्या जागी मिलची ब्लँकेट, सुपाच्या जागी पत्र्याचे नाहीतर प्लास्टिकचे सूप. वस्तूच्या बाजारात कारागीर हरत गेला, आणि नुसत्या किमतीच्या लढाईत तो पुढेही हरणारच. यंत्राच्या किमतीला हात पोहोचू शकत नाही.

पण त्याच सोसायट्यांत दुसरा एक बाजार उभा राहिला आहे. रविवारी मुलांना चाकावर माती लावायला न्यायचे, श्रावणात शाडूचा गणपती शिकायचा, सुट्टीत वारली काढायची, आजीच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायला बसायचे. यासाठी माणशी काही शे रुपये द्यायला लोक खळखळ करत नाहीत. मात्र हे पैसे बहुतेक वेळा जातात ते जागा आणि जाहिरात हाताशी असलेल्या आयोजकाकडे. पिढ्यान् पिढ्या माती मळणारा कुंभार तिथे आलाच, तर आपले चाक टेम्पोत घालून, दिवसाच्या मजुरीवर येतो. फलकावर त्याचे नाव नसते. हे चित्र बदलायला हवे.

एका कुंभाराचा हिशेब मांडून पाहू. समजा, दहा माणसे आली आणि प्रत्येकाने सहाशे रुपये दिले. माती, सरपण, चहा, हाताखालच्या माणसाची मजुरी यांचे दोन हजार वजा केले तरी तीन तासांचे चार हजार उरतात. शंभर-दीडशेच्या माठातून खर्च जाता जे सुटते त्यातून एवढी रक्कम जमवायला त्याला किती माठ थापटावे, वाळवावे, भाजावे आणि उन्हात बसून विकावे लागतील, याचा अंदाज कोणीही करू शकेल. शिवाय नवशिक्याने केलेले भांडे लगेच घरी नेता येत नाही. ते सावलीत काही दिवस वाळावे लागते. आत ओल राहिली आणि भट्टीत गेले, तर वाफेने तडकते. म्हणजे भाजलेले भांडे न्यायला तोच माणूस पुन्हा कुंभाराच्या दारात येणार. दुसऱ्या खेपेला तो पणत्या, कुंड्या, दह्याचे गाडगेही पाहणार. एका कार्यशाळेतून दोन भेटी आणि थोडी विक्री, असे हे गणित आपोआप जुळते.

आणखी एक फायदा पैशात मोजता येत नाही. ज्याने एकदा चाकावर बसून पाहिले, ज्याची माती मध्यावर न येता तीनदा भिंतीसारखी कोसळली, तो पुन्हा माठाच्या भावात वीस रुपयांसाठी घासाघीस करत नाही. चाकावरून उतरलेला माठ मुळात लहान आणि जाड असतो, तो आतून आधार देत बाहेरून थापटून थापटून मोठा आणि पातळ करावा लागतो, मातीत राख आणि लीद किती घालायची हे बोटांना कळावे लागते. हे पाहिलेले गिऱ्हाईक जाणते होते. हस्तकलेला आज अनुदानापेक्षाही अशा जाणत्या गिऱ्हाइकाची जास्त निकड आहे.

कारागिरांची एक भीती खरी आहे: शिकवले तर धंदा हातचा जाईल. तीन तासांत किंवा तीन रविवारांत कोणी कुंभार होत नाही, बुरूड होत नाही, हे त्यावरचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे उत्तर आपल्या इतिहासात आहे. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांना कामाबद्दल बलुते मिळे, खळ्यावरचे धान्य मिळे. कौशल्याला वेगळी किंमत नव्हती, आणि ते शिकण्याची वाट एकाच घरातून, एकाच जातीतून जात होती. जन्माने दिलेले काम सोडायची मुभा नाही आणि दुसऱ्याचे शिकायची सोय नाही, असा तो दुहेरी कोंडमारा होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेची बारीक नोंद केली आहे. शिकवण्याने हाच कोंडमारा फुटतो. कार्यशाळेत कोणत्याही घरातली मुलगी बुरडाशेजारी बसून बांबू सोलू लागते, ही गोष्ट लहान नाही. पण शिकण्याची ही वाट उघडताना, आजवर हे काम हलके म्हणून ज्यांना हिणवले गेले, त्यांनाच बाहेर ठेवून चालणार नाही. कला सगळ्यांची झाली आणि तिची कमाई भलत्याचीच झाली, तर जुना अन्याय फक्त नव्या कपड्यांत आला असे म्हणावे लागेल.

वारली चित्रकला याचे ठळक उदाहरण आहे. पालघर-डहाणूच्या पाड्यांत लग्नघरातल्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, मुख्यतः सुवासिनी स्त्रिया चौक काढत. जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ही कला कागदावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही शहरातल्या ‘वारली वर्कशॉप’मध्ये शिकवणारी व्यक्ती वारली समाजातली असेलच असे नाही, बहुतेक वेळा ती नसतेच. त्रिकोण आणि गोल जोडून माणूस काढता येतो, एवढेच तिथे शिकवले जाते. चौकात मध्यभागी पालघट देवी का असते, हे सांगणारे कोणी नसते. मानांकन नावाला कवच देते. शिकवणीचे शुल्क कोणाच्या खिशात जावे, हे मात्र गिऱ्हाइकाने ठरवायचे असते.

याउलट वाट दाखवली ती सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीने. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा सांभाळणाऱ्या ठाकर समाजातले परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे कलादालन केले. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या नावाने तिथे जुनी चित्रे, बाहुल्या, वाद्ये मांडली. पाहुणा येतो, चित्रे पाहतो, खेळ पाहतो, बाहुली हातात धरून शिकतो आणि जाताना काही विकतही घेतो. शिकवणारे घरातलेच. २०२१ मध्ये गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. मोठे भांडवल, मोठी इमारत यांच्याआधी त्यांच्याजवळ होता तो एक गोठा आणि आपली कला आपणच दाखवायची ही जिद्द. कच्छमध्ये आदीपूरच्या सोमय्या कला विद्या या संस्थेतही कारागीर आधी स्वतः रचनाशास्त्र शिकतात आणि मग बाहेरून आलेल्यांना आपली कला शिकवतात. असे काम खेड तालुक्यातही होऊ शकते. भीमाशंकरला आणि आळंदीला येणारी माणसे याच तालुक्यातून जातात, हुतात्मा राजगुरूंचा वाडा पाहायला शाळांच्या सहली राजगुरुनगरला येतात. त्यांच्या वाटेवर एखाद्या कारागिराची पडवी असायला काय हरकत आहे?

सरकारने या बाबतीत अर्धे पाऊल टाकले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात कुंभार, सुतार, लोहार, चर्मकार, शिल्पकार, टोपल्या-चटया विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे येतात. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे. पण तिच्यात कारागीर शिकणाऱ्याच्या जागी बसतो. त्याच प्रशिक्षणात दोन दिवस ‘शिकवावे कसे’ यासाठी ठेवावेत. दहा अनोळखी माणसांसमोर बोलणे, काम टप्प्याटप्प्याने दाखवणे, तासाचा दर ठरवणे, मुलांच्या हाती धारदार सुरी देताना काय काळजी घ्यायची, या गोष्टी उत्तम कारागिरालाही आपसूक येत नाहीत. त्या शिकाव्या लागतात आणि थोड्या दिवसांत शिकता येतात.

कराची एक बारीक गोष्टही कारागिरांना कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट मिळू शकते. वस्तूंबरोबर शुल्क घेऊन शिकवणे, म्हणजे सेवा, सुरू केली की ही मर्यादा २० लाखांवर येते. एकट्या कुंभाराला याची चिंता नाही, पण महिलांच्या एखाद्या मोठ्या गोधडी-उद्योगाने हिशेब आधीच वेगळे ठेवलेले बरे.

पैसा कुठून येईल, याचे उत्तरही याच पट्ट्यात आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यासाठीच्या कामांच्या यादीत पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास स्पष्टपणे आहे. आपल्याच कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यातला कार्यक्रम त्यात बसत नाही, तो कंपनीने आपल्या खर्चाने करावा. गावच्या शाळेत कारागिराने घेतलेली कार्यशाळा मात्र त्यात बसू शकते.

एक सावधगिरी कारागिरानेही बाळगायला हवी. शिकवण्याची कमाई दिसू लागली की घडवणे मागे पडते आणि दोन-तीन वर्षांत हाताची सफाई जाते. मग शिकवायलाही काही उरत नाही. संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्याचे माठ, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, या हंगामांत कुंभाराने फक्त आपले काम करावे. पावसाळ्यात भांडी लवकर वाळत नाहीत, भट्टीही नीट लागत नाही. तेव्हा शाडूच्या मूर्ती शिकवायला त्याला वेळ असतो आणि लोकांनाही तेच शिकायचे असते.

सगळ्यांत मोठी संधी शाळांकडे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ बसून काम शिकावे, असे त्यात नाव घेऊन लिहिले आहे. हे दहा दिवस चित्रफिती दाखवून आणि क्रीडास्पर्धा भरवून उरकू नयेत. राजगुरुनगर, चाकण, आळंदीच्या मुख्याध्यापकांनी वर्षाचे वेळापत्रक करतानाच आपल्या तालुक्यातल्या कुंभाराला, बुरडाला, गोधडी शिवणाऱ्या बाईला बोलावून घ्यावे, दिवस त्यांच्या सोयीने ठरवावेत आणि मानधनाचा आकडा पहिल्या भेटीतच लिहून द्यावा. नारळ-शालीवर त्यांची बोळवण करू नये.