गिटारचा पट्टा आणि कोशाचे दांडे



आज एका अगदी साध्या वस्तूबद्दल लिहिते आहे. ती म्हणजे आपल्या गायनवृंदातल्या गिटारचा पट्टा. इंदूरमध्ये आपण बहुतेक गीते हिंदीत गातो, सणावाराला एखादे मराठी, आणि हार्मोनियम-ढोलकच्या शेजारी आता गिटारही असते. तिचा सूर लागला आहे का, स्पीकरमधून आवाज येतो आहे का, हे सगळे पाहतात. पट्टा पक्का आहे का, हे मात्र ती पडेपर्यंत कुणी पाहत नाही. माझे म्हणणे असे की पट्टा नीट बसवणे हा मिस्साच्या तयारीचाच भाग आहे, आणि ती जबाबदारी वाजवणाऱ्या मुलाच्या एकट्याच्या खांद्यावर टाकता कामा नये.

चर्चमधली गिटार पडण्याचा धोका जास्त का असतो, ते आधी पाहू. कार्यक्रमात वाजवणारा एकदा उभा राहिला की शेवटपर्यंत उभाच असतो. मिस्सात मात्र आपण उभे राहतो, बसतो, गुडघे टेकतो, पुन्हा उभे राहतो. बसल्यावर गिटार मांडीवर टेकते आणि पट्टा ढिला पडतो. त्याच वेळी पट्ट्याचे भोक बटणावरून हळूच सरकते. पुन्हा उठून मुलगा हात सोडतो आणि गिटार खाली येते. नव्या चामडी पट्ट्याचे भोक घट्ट असते. वर्षानुवर्षे काढघाल करून ते रुंद होते. बटणाचा स्क्रू लाकडात बसवलेला असतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसले की तोही सैल होऊ शकतो.

एका धर्मग्रामात अर्पणविधीच्या गीताला लोक उभे राहिले, तेव्हा असेच झाले. गिटार फरशीवर आदळली आणि खुंट्यांजवळ तिला तडा गेला. वाजवणारा मुलगा दहावीतला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्यानंतर कितीतरी रविवार तो गायनवृंदात दिसला नाही. मी घरी गेले तेव्हा म्हणाला, "टीचर, पट्टा आधीपासूनच ढिला होता. पण चर्चची गिटार, मी सांगणार कुणाला?" गिटार दुरुस्त झाली. त्या मुलाला परत आणायला मात्र जास्त वेळ लागला. चूक त्याची नव्हती. ती गिटार सगळ्यांची होती, म्हणून तिच्याकडे बघणारे कुणीच नव्हते.

पवित्र शास्त्रात याच्या जवळची एक गोष्ट आहे. दावीद राजाने कराराचा कोश यरुशलेमला आणायला काढला. नवी गाडी, बैल, वाद्ये, नाचगाणी, सगळा थाट होता (2 शमुवेल 6). वाटेत बैल ठेचाळले, कोश हलला, उज्जाने तो सावरायला हात घातला आणि तो तिथेच मेला. आपण उज्जाच्या मरणापाशी थांबतो. पण 1 इतिहासाच्या 15 व्या अध्यायात दावीद स्वतःच कारण सांगतो: देवाने लावून दिलेल्या रीतीने आपण हे काम केले नाही. कोशाला कड्या होत्या, कड्यांत दांडे होते, आणि तो लेव्यांनी खांद्यावर वाहायचा होता. उत्साह भरपूर होता, फक्त वाहण्याची रीत सोडून दिली होती. दुसऱ्या वेळी दाविदाने आधी खांदे आणि दांडे ठरवले, आणि त्याच अध्यायात पुढे वीणा, सारंगी आणि झांजा वाजवणारे नेमले. आधी वाहण्याची व्यवस्था, मग संगीत, हा क्रम मला फार बोलका वाटतो.

निर्गमाच्या 28 व्या अध्यायात तर अहरोनाचा ऊरपट एफोदापासून सुटू नये म्हणून त्याच्या कड्या निळ्या फितीने बांधायला सांगितले आहे. त्या ऊरपटावर इस्राएलच्या बारा वंशांची नावे होती. लोकांची नावे हृदयावर घेऊन याजक देवासमोर जायचा, आणि ती खाली पडू नयेत याची काळजी एका फितीवर सोपवलेली होती. देवाने फितीचाही विचार केला, हे आपण वाचून पुढे जातो.

आपण मराठी माणसे हे दुसरीकडूनही शिकू शकतो. दिंडीतला विणेकरी वीणा गळ्यात घालूनच चालतो. अखंड नामसप्ताहात ती खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. मृदंगही गळ्यातल्या पट्ट्यावरच असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे भजन-कीर्तनाची हीच मराठी वाट ख्रिस्ती उपासनेत आणली. वाद्य जपून वाहायचे हा संस्कारही त्याच वाटेवरचा आहे.

आता हाताशी असलेले उपाय सांगते. पट्टा बटणात अडकवल्यावर त्यावर एक जाड रबरी वायसर दाबून बसवावा. तो थोडा ताणून चढवावा लागतो, पण मग भोक सहज सरकत नाही. भोक फारच रुंद झाले असेल तर पट्टा बदलावा. स्क्रू फिरत राहत असेल तर तो काढून, गूल तोडलेली काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घालावी, पूर्ण वाळू द्यावी, मग स्क्रू परत बसवावा. मोठा स्क्रू ठोकून घालू नये, लाकूड फाटते. काही गिटारींना मागेच एक बटण असते आणि पट्ट्याचे दुसरे टोक खुंट्यांच्या अलीकडे, तारांखालून दोरीने बांधतात. तिथे सुरगाठ नको, पक्की गाठ हवी. मानेजवळ दुसरे बटण लावायचे तर ते जाणकार कारागिराकडूनच लावून घ्यावे. वायरची गिटार असेल तर वायर पट्ट्यामागून ओढून घ्यावी, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी झटका सरळ गिटारला बसत नाही. पट्टा अडकवून ठेवणारे लॉकही मिळतात, पण त्यांचे नटसुद्धा अधूनमधून आवळावे लागतात. आणि कोणताही उपाय केला तरी बसता-उठताना एक हात गिटारच्या मानेखाली हवाच.

कुणी म्हणेल, मन भक्तीत असले म्हणजे झाले, वस्तूंचे एवढे काय? मला उलट वाटते. पट्टा भरवशाचा नसला की डावा हात सूर धरायचा सोडून गिटारच सावरत बसतो. ताल घसरतो, आणि मुलाचे लक्ष वेदीकडे नसते, बटणाकडे असते. पट्टा पक्का असेल तर तो प्रार्थना करू शकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेवरच्या दस्तऐवजात ऑर्गनखेरीज इतर वाद्यांनाही वाट दिली, पण ती पवित्र उपयोगाला साजेशी असावीत आणि भाविकांच्या उन्नतीला हातभार लावणारी असावीत, ही अट घातली. ही अट मी वाद्याच्या निगेलाही लावते. 24 डिसेंबर 1818 च्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये नाताळचे ते शांत रात्रीचे गीत पहिल्यांदा गायले गेले, तेही फादर योझेफ मोर यांच्या गिटारवरच. या वाद्याला चर्चमध्ये दुय्यम समजण्याचे कारण नाही.

म्हणून माझी विनंती अशी: प्रत्येक धर्मग्रामाने गिटारची निगा राखायला एका मोठ्या माणसाला नेमावे. मिस्साच्या पाच मिनिटे आधी त्याने गिटार खुर्चीवर धरून पट्ट्याची दोन्ही टोके ओढून पाहावीत. नव्या पट्ट्याचे पैसे चर्चच्या निधीतून द्यावेत. स्पीकरला आपण हजारो रुपये देतो, मग वायसरसाठी मुलाने खिशात का हात घालावा? आणि एखाद्या दिवशी गिटार पडलीच, तर मागे वळून बघण्याआधी दोघांनी पुढे जावे. एकाने गिटार उचलावी, दुसऱ्याने त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा.

हे प्रभू, तुझी स्तुती वाहणाऱ्या लेकरांना आधार देण्याची आठवण आम्हा मोठ्यांना दे. आमेन.