घरचे यंत्र : अँबॅसडरचा क्रॉस

गोदावरीकाठचे मंचेरियल ऑक्टोबर २०१६ मध्ये आदिलाबादपासून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाले. परंतु येथील मराठी घरांचे चंद्रपूरकडे जाणे-येणे त्याहून फार जुने आहे. अशा एखाद्या घराच्या अंगणात वडिलांच्या काळची अँबॅसडर आजही उभी दिसते. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तेव्हा ती राखावयाची असेल, तर तिचे दुखणे ओळखण्याची विद्या घरात असलेली बरी.

क्लच सोडताना किंवा अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलताना गाडीखालून ‘खट्ट’ असा आवाज येतो. सावकाश चालताना चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते. विशिष्ट वेगाला सारी गाडी थरथरते. ही लक्षणे बहुधा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसची असतात. गिअरबॉक्सची शक्ती मागच्या आसाकडे नेणाऱ्या या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. क्रॉसच्या चार भुजांवर चार कप आणि प्रत्येक कपात बारीक सुयांसारखे रोलर. या सुया पूर्ण फिरत नाहीत, थोड्याशा झुलतात. त्यामुळे भार सतत एकाच जागी पडतो. सील सुकले, धूळ आत गेली आणि ग्रीस आटले, की भुजांवर खाचा पडतात.

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि जोडाच्या दोन्ही बाजू हातांनी धरून उलटसुलट पिळाव्यात. क्रॉसपाशी ढिलेपणा जाणवला, तर तो बदलावा. येथे चालढकल करू नये. धावत्या गाडीचा पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आदळते. मागे मुलेबाळे बसलेली असताना हा धोका कोण पत्करील?

गाडीखाली शिरण्यापूर्वी तिचा भार भक्कम स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकवर कदापि विसंबू नये. बोल्ट सोडण्याआधी शाफ्टच्या व डिफरन्शियलच्या फ्लँजवर रंगाने आरपार खूण करावी. सरकता जोड उघडावा लागला, तर तेथेही तशीच खूण हवी. कारण कोनात फिरणारा एकटा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो; दुसरा ती उणीव भरून काढतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत असले, तरच हा हिशेब जुळतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी अभ्यासलेल्या या जोडाची ही खोड आजही कायम आहे.

सर्क्लिप काढून, व्हाइसमध्ये एका बाजूला लहान व दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट धरून दाब दिला, की कप बाहेर येतात. नव्या कपातील सुया ग्रीसने चिकटवून कप सरळ बसवावा. सर्क्लिपची खाच पूर्ण दिसत नसेल, तर हातोडी चालवू नये. एखादी सुई आडवी पडलेली असते; कप काढून ती सरळ करावी. शेवटी क्रॉस हाताने सर्व बाजूंनी सहज हलला पाहिजे. बोल्ट घट्ट आवळून निपलमधून ग्रीस भरावे.

काट्याची भोके लांबट झाली असतील किंवा नव्या क्रॉसनंतरही थरथर राहिली, तर घरचे काम तेथे संपते. शाफ्ट जाणत्या लेथवाल्याकडे न्यावा, त्याचा समतोल तपासून घ्यावा.

आणि एक सांगावेसे वाटते. हे काम घरातील मुलामुलींना जवळ बसवून करावे. सुया मोजण्याचे व त्या हरवू न देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. गाडी वारसाहक्काने मिळते. ती चालती ठेवण्याचे ज्ञान मात्र कोणीतरी हाती धरून शिकवावे लागते.