हसा म्हणे!

परवा आमच्या दाजींना एका हितचिंतकाने सल्ला दिला, "रोज सकाळी दुर्गा टेकडीवर या, हात वर करून खो-खो हसा. सगळे आजार पळतात!" दाजी आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसवर असतात. ते नुसते बघत राहिले. डोकं फिरलं ते माझं.

हास्यक्लबशी माझं भांडण नाही. १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन ते सुरू केलं. विनोद लवकरच संपले, म्हणून विनोदाशिवाय हसणं आलं. एकट्या पडलेल्या माणसाला तिथे सोबत मिळते, दिवस बरा जातो. हे थोडं आहे का? पण हसून क्रिएटिनिन उतरत नाही हो!

दाखला देतात नॉर्मन कझिन्सचा. दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास शांत झोप लागते, असं त्यांनी १९७९ च्या पुस्तकात लिहिलं. ते सोबत 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

'हसलात तर बरे व्हाल' याचा दुसरा अर्थ काय? बरे झाला नाहीत, तर चूक तुमचीच!

दाजी चाकणला कारखान्यात होते. परवा सुया टोचून झाल्यावर सिस्टरला म्हणाले, "ताई, पंचवीस वर्षं मी मशीन चालवलं. आता मशीन मला चालवतंय." अख्खा वॉर्ड हसला.

आजाऱ्याला हसायला शिकवू नका. त्याच्या विनोदाला हसायला तेवढं थांबा.